उत्तर देण्याचा गुन्हा

महाराष्ट्रातील समाजसुधारकांची परंपरा मोठी आहे आणि तिचा अभिमान मिरविण्यात आपण कधी कसूर करीत नाही. तथापि, या परंपरेतील काही नावे सभा-संमेलनांत मोकळ्या कंठाने घेतली जातात, तर काही नावे घेताना आवाज आपोआप खाली येतो. महर्षी धोंडो केशव कर्वे हे पहिल्या प्रकारातले नाव. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे हे दुसऱ्या प्रकारातले. पित्याने विधवांच्या पुनर्वसनासाठी आणि स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले. १९५८ मध्ये ‘भारतरत्न’ देऊन देशाने त्यांचा गौरव केला. पुत्राने स्त्री-पुरुषांना त्यांच्या शरीराविषयी शास्त्रशुद्ध ज्ञान मिळावे यासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या वाट्याला न्यायालयाने ठोठावलेला दंड आला.

संततिनियमनाचे आद्य प्रवर्तक ही र. धों. कर्वे यांची ओळख आज सर्वमान्य आहे. ती खरी आहे, परंतु अपुरी आहे. संततिनियमन हा त्यांच्या कार्याचा एक भाग होता. त्यामागचा मूळ आग्रह अधिक व्यापक होता. शरीराच्या कोणत्याही अवयवाविषयी माणसाने प्रश्न विचारावा आणि जाणकाराने त्याला सरळ, खरे उत्तर द्यावे, हा तो आग्रह. पुरुषांच्या एका सर्वसामान्य, पण कोणापाशीही न बोलल्या जाणाऱ्या व्याधीचा, म्हणजे प्रौढ वयात लिंगाला येणाऱ्या वक्रतेचा विचार करू लागले, की हा आग्रह आजही किती निकडीचा आहे हे ध्यानात येते. त्या व्याधीकडे वळण्यापूर्वी हे चरित्र पाहणे उचित ठरेल.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड या गावी झाला. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. वारंवार येणारी गर्भारपणे आणि त्यांत होणारे मृत्यू ही त्या काळी घरोघरची गोष्ट होती. कर्वे यांच्या घरी ती घडली तेव्हा रघुनाथ जाणत्या वयाच्या उंबरठ्यावर होता. दोनच वर्षांनी धोंडोपंतांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. लोकमताच्या विरुद्ध उभे राहण्याची किंमत काय असते, याचा पहिला धडा मुलाला असा घरातच मिळाला.

विद्यार्थी म्हणून ते असामान्य होते. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये त्यांनी पदवी संपादन केली. गणित हा त्यांचा विषय. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९१९ मध्ये उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली होती आणि कामजीवनाविषयीचे युरोपीय शास्त्रीय लेखन त्यांच्या नजरेखालून गेले होते. गणिती मनाला लागलेली सवय त्यांनी सामाजिक प्रश्नांनाही लावली. सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचे नाही आणि सिद्ध झालेले सांगताना कचरायचे नाही. त्यांच्या लेखनात अलंकार जवळजवळ नाहीत. प्रमेय मांडावे तसे ते विधान मांडतात आणि पुढे जातात. अनेकांना तेच सर्वांत असह्य झाले.

परदेशातून परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. हे भारतातील पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता, हे लक्षात घेतले म्हणजे कर्वे काळाच्या किती बरोबरीने चालले होते हे कळते. १९२३ मध्ये संततिनियमनावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, कामशास्त्र अशा विषयांवरही त्यांनी लिहिले. ‘आधुनिक कामशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १९३४ चा. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या व्यवस्थापनाखालील कॉलेजला आपल्या प्राध्यापकाचे हे उद्योग मानवणारे नव्हते. नोकरी की प्रचारकार्य, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा कर्वे यांनी नोकरी सोडली. नियमित उत्पन्न गेले ते कायमचे. पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर पुढचे काहीच घडले नसते. मूल होऊ न देण्याचा निर्णय उभयतांनी विचारपूर्वक घेतला होता आणि तो अखेरपर्यंत पाळला.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. यानंतरची सव्वीस वर्षे हे मासिक हेच रघुनाथरावांचे जीवन होते. लेखन, संपादन, पत्रव्यवहार अशी बहुतेक सारी कामे ते स्वतःच करीत. शकुंतला परांजपे यांच्यासारख्या मोजक्या सहकाऱ्यांची साथ त्यांना लाभली. विवस्त्र स्त्रीच्या चित्राचे मुखपृष्ठ पाहून नाक मुरडणाऱ्यांना आत आहारशास्त्रापासून धर्मचिकित्सेपर्यंत आणि गुप्तरोगांपासून स्त्रीच्या कामसुखाच्या हक्कापर्यंत कितीतरी विषय वाचायला मिळत. परंतु या मासिकाचे खरे मर्म वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होते. घरात, मित्रांत, एवढेच काय वैद्यापाशीही जे बोलता येत नव्हते, ते लोक कर्वे यांना लिहून विचारीत. कर्वे त्यांना नावे ठेवीत नसत, उपदेश करीत नसत. त्या वेळच्या शास्त्राला जे ठाऊक होते ते छापून टाकीत. प्रश्न एकाचा असे आणि उत्तराची वाट पाहणारे असंख्य असत.

याच उत्तरांनी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. प्रश्न हस्तमैथुनाविषयीचे होते, समलिंगी संबंधांविषयीचे होते. कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदांमुळे देशभर नाव झालेल्या या नेत्याला अशा बदनाम खटल्यापासून दूर राहणे सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. लैंगिक शिक्षणाला वाहिलेल्या मासिकाला वाचक लैंगिक प्रश्नच विचारणार, आणि प्रश्न विचारणे गैर नसेल तर त्याला उत्तर देणे गैर कसे ठरते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. एखाद्याची प्रवृत्ती विकृत वाटली तरी ती ज्ञानानेच दूर होईल, उत्तर दडवून नव्हे, हा त्यातला दुसरा मुद्दा. न्यायालयाला हे पटले नाही. कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला. पदरमोड करून मासिक चालविणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती. मासिक मात्र थांबले नाही.

त्या निकालाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. न्यायालयाने प्रश्न बंद केले नव्हते. ते कोणालाच बंद करता येत नाहीत. जबाबदारीने, नाव घालून, शास्त्राच्या आधारे उत्तर देणे तेवढे धोक्याचे ठरविले. अशा वेळी प्रश्न नाहीसे होत नाहीत. ते बेजबाबदार माणसाच्या दाराशी जातात. प्रारंभी उल्लेखिलेली व्याधी हे याचे बोलके उदाहरण आहे.

पन्नाशीच्या आसपासच्या एखाद्या पुरुषाच्या लक्षात येते, की ताठरतेच्या वेळी लिंगाला पूर्वी नसलेला बाक आला आहे. कधी दुखते, कधी हाताला कडक गाठ किंवा पट्टा लागतो. काहींना बाक जन्मतःच असतो. तो तारुण्यात ध्यानात येतो आणि त्यात पुढे फारसा फरक पडत नाही. येथे सांगितला तो प्रकार वेगळा, मागाहून आलेला. वैद्यकशास्त्र त्याला पेरोनीचा रोग म्हणते. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे प्रमुख शस्त्रवैद्य फ्रान्स्वा द ला पेरोनी यांनी १७४३ मध्ये, पॅरिसच्या शस्त्रवैद्यक अकादमीच्या पहिल्या ग्रंथात, अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. जपमाळेतील मण्यांसारख्या गाठी त्यांनी नोंदविल्या आणि बारेज येथील औषधी झऱ्याचे पाणी हा उपाय सुचविला. उपाय टिकला नाही, नाव टिकले. राजवैद्याने हा विषय विद्वानांच्या सभेपुढे मांडण्यात कमीपणा मानला नाही, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या रोगाची यंत्रणा समजण्यास अवघड नाही. लिंगाच्या आत स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. ताठरतेच्या वेळी त्यांत रक्त भरते. या नळ्यांभोवती चिवट, पण लवचीक आवरण असते. जखम भरून आल्यावर त्वचेवर जसा निबर वण राहतो, तसा वण या आवरणात एखाद्या ठिकाणी तयार झाला, की तेवढा भाग ताणला जात नाही. फुग्याच्या एका बाजूला चिकटपट्टी लावून तो फुगविला तर तो त्या बाजूला वाकतो. येथे तेच घडते. संभोगाच्या वेळी नकळत होणाऱ्या बारीक दुखापती आणि त्या भरून येताना शरीराची बिघडलेली दुरुस्ती, हे यामागचे मुख्य कारण मानले जाते. पुष्कळांना अशी दुखापत झाल्याचे आठवतही नाही. वाढते वय, मधुमेह, धूम्रपान, प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी झालेली शस्त्रक्रिया, तसेच काही घराण्यांत आढळणारी अंगभूत प्रवृत्ती यांमुळे शक्यता वाढते. तळहातातील आवरण जाड होऊन बोटे आत वळण्याचा डुप्युट्रेनचा विकार असणाऱ्यांत हा रोग अधिक आढळतो. दोहोंची जात एकच आहे.

हा कर्करोग नव्हे. तो संसर्गाने पसरत नाही आणि पत्नीला त्याची बाधा होत नाही. तारुण्यातील हस्तमैथुनाचे हे फळ आहे, ही समजूत निराधार आहे. रुग्णाचे मन मात्र नेमके तेथेच जाते. ज्या प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये कर्वे यांना दंड झाला, त्याच प्रश्नांभोवतीची अपराधी भावना आजही पुरुषाला डॉक्टरपर्यंत जाऊ देत नाही. तो पत्नीपासून दूर राहू लागतो, कारण सांगत नाही. तिला तो आपला अव्हेर वाटतो. या रोगाचे बरेच रुग्ण निराशेने ग्रासलेले आढळतात. शरीराच्या दुखण्यापेक्षा हे दुखणे मोठे.

उपचारांबाबत प्रथम सांगण्याची गोष्ट अशी, की रोगाच्या दोन अवस्था असतात. पहिल्या अवस्थेत वेदना असतात आणि बाक बदलत असतो. ही अवस्था साधारणतः वर्षभर, कधी त्याहून काही महिने अधिक चालते. नंतर वेदना बहुधा थांबतात आणि बाक स्थिरावतो. आपोआप सरळ होणारे रुग्ण थोडेच. मात्र बाक अल्प असेल आणि संबंधांत अडचण येत नसेल, तर तपासणी आणि धीर याखेरीज कशाचीच गरज नसते. पहिल्या अवस्थेत वेदनाशामक औषधे देतात. पोटात घ्यायच्या गोळ्यांपैकी कोणतीही बाक घालवते असे सिद्ध झालेले नाही. वर्षानुवर्षे दिले जाणारे ‘ई’ जीवनसत्त्वही याला अपवाद नाही. वणातच द्यायची इंजेक्शने काही रुग्णांत बाक कमी करतात. त्यांपैकी कोलॅजिनेज या औषधाला अमेरिकेत २०१३ मध्ये या रोगासाठी मान्यता मिळाली. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ताण देणारे उपकरण वापरण्याचाही मार्ग आहे.

बाक स्थिरावल्यावरही संबंध अशक्य होत असतील, तर शस्त्रक्रिया हा सर्वांत खात्रीचा उपाय. बाक बदलत असताना ती करीत नाहीत. एका पद्धतीत बाकाच्या विरुद्ध बाजूला टाके घालून इंद्रिय सरळ करतात. त्यात लांबी थोडी कमी होते, हे रुग्णाला आधीच सांगावे लागते. बाक फार असेल तर वण छेदून तेथे ठिगळ लावतात. त्यात ताठरता कमी होण्याचा संभव अधिक असतो. ताठरताच नाहीशी झाली असेल आणि औषधांनी येत नसेल, तर कृत्रिम आधार बसवितात. एक प्रसंग मात्र थांबण्याचा नाही. संबंधाच्या वेळी अचानक कट् असा आवाज होऊन ताठरता गेली, सूज आली आणि अंग काळेनिळे पडले, तर आवरण फाटलेले असते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळेवर टाके घातले तर पुढचा बाक बहुधा टळतो.

ही सारी माहिती आज उपलब्ध आहे. प्रश्न आहे तो ती ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा. धाराशिव जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. कर्वे मुंबईत मासिक चालवीत होते त्या काळात हा जिल्हा उस्मानाबाद या नावाने निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये तो मुक्त झाला आणि २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. आज जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मूत्ररोगतज्ज्ञ गाठायचा तर सोलापूर आणि लातूर ही शहरे फार दूर नाहीत. परंतु उमरग्याचा वा परंड्याचा पुरुष एस.टी. स्टँडवर उतरला, की त्याच्या नजरेला प्रथम काय पडते? भिंतीवर रंगविलेली गुप्तरोगाची जाहिरात; त्यात हमखास गुणाची हमी आणि गुप्ततेचे आश्वासन. पुण्या-मुंबईच्या लोकल स्टेशनांबाहेरचे दृश्य यापेक्षा निराळे नाही. गुप्तता हाच येथे विकला जाणारा माल असतो. तेल, भस्म आणि महागड्या पुड्या यांत पैसा जातो, आणि त्याहून मौल्यवान असा रोगाचा पहिला काळ निघून जातो. मधुमेह असेल तर तोही तपासला जात नाही.

गंमत अशी, की या जाहिराती कायद्याने कधीच बंद झालेल्या आहेत. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ मध्ये, म्हणजे कर्वे यांच्या निधनानंतर अवघ्या एका वर्षात, संमत झाला. कामशक्ती वाढविण्याच्या जाहिराती त्याच्या कक्षेत येतात. खरे उत्तर देणाऱ्याला दोनदा दंड करण्याइतकी तत्परता दाखविणाऱ्या व्यवस्थेला, खोटे उत्तर विकणाऱ्याच्या भिंती सत्तर वर्षांत पुसता आलेल्या नाहीत.

रघुनाथरावांची अखेरची वर्षे एकाकीपणात गेली. १९४४ मध्ये मालतीबाईंचे निधन झाले. मासिकाचा व्याप, आर्थिक ओढाताण आणि उतरणीला लागलेले वय अशा अवस्थेतही अंक निघत राहिले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तीस वर्षांपूर्वी ज्यासाठी त्यांनी नोकरी गमावली होती ते सरकारी धोरण झाले. दुसऱ्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, त्यांचे निधन झाले. नोव्हेंबरचा अंक हा ‘समाजस्वास्थ्य’चा अखेरचा अंक ठरला. वयाची शंभरी ओलांडलेल्या महर्षींचे निधन १९६२ मध्ये झाले. आपल्या ज्येष्ठ पुत्राचा मृत्यू त्यांना पाहावा लागला.

त्यानंतर अनेक वर्षे हे नाव विस्मृतीत होते. य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट २००१ मध्ये आला. अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक अतुल पेठे यांनी रंगभूमीवर आणले. त्यामुळे कर्वे यांच्या खटल्यांची हकीकत नव्या पिढीला ठाऊक झाली. प्रेक्षक टाळ्या वाजवितात, त्या काळच्या सनातन्यांना हसतात आणि घरी जातात. घरी गेल्यावर मात्र वडिलांना किंवा मोठ्या भावाला असे काही दुखणे असेल, तर ते कोणापाशी बोलू शकतील, हा प्रश्न मनात येत नाही.

कर्वे यांनी मराठी माणसाला गर्भनिरोधाची साधने दिली, ती आता कोणत्याही दुकानात मिळतात. त्यांनी दिलेली दुसरी गोष्ट अजून आपण पुरती उचललेली नाही. शरीराचा कोणताही भाग बोलण्यास अपात्र नाही आणि विचारणारा माणूस पापी नाही, एवढी साधी ती गोष्ट होती. मधुमेहाची गोळी चालू असलेला, पन्नाशीतला एखादा गृहस्थ आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपाशी साखरेबरोबरच हेही दुखणे निःसंकोच सांगेल आणि डॉक्टर चेहऱ्यावरची रेषा न हलविता त्याला मूत्ररोगतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी देतील, तेव्हा १९३४ चा तो खटला कर्वे आणि बाबासाहेब यांनी खऱ्या अर्थाने जिंकला असे म्हणता येईल.